जुन्या पेट्रोल गाडीचा ऑक्सिजन सेन्सर खरंच गेलाय का, बदलायच्या आधी घरी कसं तपासायचं

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवडाभर आधी आमच्या गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली, घर डिचोलीला आणि नोकरी पणजीला त्यामुळे रोजचं साठेक किलोमीटर ठरलेलं. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड निघाला पी०१३१, मेकॅनिक म्हणाला ऑक्सिजन सेन्सर गेला, नवीन घाला. घातला. दोन दिवसांनी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान घेऊन पेडण्याला मूळ घरी निघालो तर म्हापसा यायच्या आधीच दिवा परत पेटला, सेन्सर कोरा करकरीत आणि कोड तोच. शेवटी सापडलं काय, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनमधून जळका गॅस बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाईपच्या, सांध्यातल्या गॅस्केटला भेग गेलेली, तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर बिचारा जे दिसतंय तेच सांगत होता. काढलेला जुना सेन्सर मी नंतर परत लावून बघितला, आजही तोच गाडीत आहे आणि नीट चालतोय.

म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर मेला असं होत नाही, कोड फक्त एवढंच सांगतो की या सेन्सरकडून येणारी माहिती ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पटत नाहीये. आता ती माहिती चुकीची आहे की इंजिनच चुकतंय ते आपल्याला शोधायचं असतं, आणि त्याला लागतं एक साधं मल्टीमीटर, गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि रविवारची सकाळ. हे सगळं पेट्रोल गाड्यांचं आहे, डिझेलवाल्यांना यातलं फारसं लागू नाही.

आधी तो करतो काय ते समजून घ्या

एक्झॉस्टच्या पाईपमध्ये बोटभर लांबीचा स्पार्क प्लगसारखा दिसणारा जो भाग घुसवलेला असतो तो ऑक्सिजन सेन्सर, काही जण लॅम्बडा सेन्सरपण म्हणतात. बॉशने १९७६ मध्ये पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांमध्ये दिला होता आणि जुन्या गाड्यांत अजून मूळ तत्त्व तेच आहे. आत झिर्कोनियाची एक टोपी, तिला आतबाहेर प्लॅटिनमचा थर. एका बाजूला एक्झॉस्टचा गॅस, दुसऱ्या बाजूला बाहेरची साधी हवा जिच्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक तेवढं व्होल्टेज तो स्वतः तयार करतो, बाहेरून करंट द्यावा लागत नाही. फक्त तो ३०० डिग्रीच्या वर तापला पाहिजे, गार सेन्सर काहीच बोलत नाही, म्हणून आत हीटर असतो.

पेट्रोल जास्त झालं, म्हणजे रिच, तर व्होल्टेज ०.८ ते ०.९ पर्यंत जातं. हवा जास्त झाली, म्हणजे लीन, तर ०.१ पर्यंत पडतं. मधली रेघ ०.४५. ईसीयू सतत थोडं पेट्रोल वाढवतो थोडं कमी करतो त्यामुळे चांगल्या सेन्सरचं व्होल्टेज या रेघेच्या वर खाली वर खाली असं नाचत राहतं. हा नाच बंद पडला किंवा मंदावला की सेन्सर म्हातारा झाल्याचा संशय घ्यायचा. बाकी सगळी तपासणी म्हणजे हा नाच का थांबला त्याचं कारण शोधणं.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही गाड्यांत पुढचा सेन्सर वाईडबँड म्हणजे एअर फ्युएल रेशो प्रकारचा असतो, तो असा नाचत नाही आणि त्याचे आकडे वेगळे असतात. अ‍ॅपवर तुम्हाला व्होल्टेज दोन-तीनच्या वर स्थिर दिसत असेल किंवा मिलिअँपिअरमध्ये आकडा येत असेल तर तुमचा तो प्रकार आहे, मग खालचे व्होल्टेजचे आकडे त्याला लावू नका.

लक्षणं कुठली

अ‍ॅव्हरेज हळूहळू पडतं, एका महिन्यात नाही पण सहा महिन्यांत जाणवतं. सायलेन्सरच्या तोंडाला काळी काजळी बसते, बोट फिरवलं तर बोट काळं होतं. सिग्नलला उभं असताना किंवा रायबंदरला फेरीच्या लाईनीत थांबलेलं असताना इंजिन थोडं हलतं. पीयूसीला सीओचा म्हणजे कार्बन मोनॉक्साईडचा आकडा चढलेला येतो, बीएस ४ पेट्रोल चारचाकीला आयडलला मर्यादा ०.३ टक्के आहे त्यामुळे मागच्या दोन-तीन पावत्या जपून ठेवल्या तर फरक कळतो. म्हातारा सेन्सर बहुतेक वेळा कमी व्होल्टेज देतो, ईसीयूला वाटतं गाडी लीन चाललीय, तो पेट्रोल वाढवत बसतो, आणि ते जास्तीचं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधला विषारी धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतं. म्हणून याच्याकडे दुर्लक्ष करू नका असं मी सगळ्यांना सांगतो, सेन्सर एकवेळ परवडतो पण कन्व्हर्टर नाही परवडत.

पण हीच लक्षणं खराब प्लग, चोंदलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर यांनीही येतात. त्यामुळे लक्षणांवरून निकाल लावायचा नाही.

डोंगल आणि कोड

बाजारात मिळणारं ईएलएम ३२७ वालं ब्लूटूथ डोंगल पुरतं, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप. आपल्याकडे बीएस ४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी टू सक्तीचं झालं आणि बीएस ४ देशभर आलं १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे २०१७ च्या आधीच्या गाड्यांचा भरवसा नाही, स्टिअरिंगखाली १६ पिनचा सॉकेट असतो पण साधं अ‍ॅप जोडलं जाईलच असं नाही. नाही जोडलं तर घाबरू नका, मल्टीमीटरने काम होतं, पुढे सांगतो. जुन्या गाड्यांत सेन्सरही बहुतेक एकच असतो, कन्व्हर्टरच्या आधीचा. ओबीडी टू वाल्या गाड्यांत दोन असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर.

कोड वाचताना एवढं बघा. पी०१३० ते पी०१३५ म्हणजे पुढचा सेन्सर, पी०१३६ ते पी०१४१ म्हणजे मागचा. त्यातले पी०१३५ आणि पी०१४१ हे हीटरचे, यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही कारण ती सरळ वीजेची गोष्ट आहे. पी०१३३ म्हणजे सेन्सर मंद झाला, म्हातारपणाचा हा सगळ्यात खरा कोड. पी०१३१ किंवा पी०१७१ आला, म्हणजे व्होल्टेज कमी किंवा गाडी लीन, तर मात्र थांबा, यातच माझे पैसे गेले. पी०१७२ रिचचा. आणि पी०४२० बद्दल नंतर बोलू. कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या, कोड लागला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होते ते त्यात असतं, आणि एकदा पुसलं की ते परत मिळत नाही.

हात लावायच्या आधी डोळ्यांनी बघा

मी जेवढे प्रॉब्लेम बघितलेत, माझे आणि शेजारपाजारचे, त्यातले अर्धे इथेच सापडले. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर समुद्राची खारी हवा, मांद्रे हरमलसारख्या ठिकाणी गाडी उघड्यावर उभी राहिली तर दोन पावसाळ्यांत खालचे नट ओळखू येत नाहीत. डिचोली साखळीकडे तर लाल धूळही आहे, ती ओली झाली की कनेक्टरमध्ये चिखलासारखी बसते.

इंजिन गार असताना सेन्सरची वायर कनेक्टरपर्यंत बोटाने चाचपत जा. कुठे एक्झॉस्टला टेकून वितळली आहे का, उंदरांनी कुरतडली आहे का, ताणली गेली आहे का. मग कनेक्टर सोडवा आणि पिना बघा. हिरवट निळसर पावडर दिसली तर तो गंज, तेवढ्यानेही सिग्नल मरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर ईसीयूच्या बाजूच्या सॉकेटवर मारा, मऊ ब्रशने घासा, पूर्ण सुकू द्या.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी इथल्या कित्येक चांगल्या मेस्तांनाही माहीत नसते. सेन्सरला जी बाहेरची साधी हवा लागते ना तुलनेसाठी, ती बऱ्याच सेन्सरमध्ये वायरच्या तारांमधल्या फटीतूनच आत जाते. म्हणजे सेन्सर वायरमधून श्वास घेतो. त्यामुळे पाणी जाऊ नये म्हणून कनेक्टरमध्ये ग्रीस भरणं, सेन्सरच्या बाजूला गंज काढायचा स्प्रे मारणं, वायर तुटली तर सोल्डर करणं, हे सगळं त्याचा गळा दाबल्यासारखं आहे. वायर जोडायचीच झाली तर क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून बसवा, वर उष्णता सहन करणारी स्लीव्ह घाला. आणि पाण्यापासून वाचवायचं असेल तर कनेक्टर ब्रॅकेटवर वर बांधून ठेवा, टेप गुंडाळून गोळा करू नका.

मग एक्झॉस्टची गळती. सकाळी इंजिन एकदम गार असताना कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा आणि बॉनेट उघडून ऐका. मॅनिफोल्डकडून टिक टिक टिक असा आवाज येतो का, आणि इंजिन तापलं की तो आवाज कमी होतो का. धातू तापून फुगला की भेग बंद होते म्हणून असं होतं, आमच्या गाडीत हाच आवाज होता आणि मी तो टॅपेटचा समजत होतो. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला तर खात्रीच. सेन्सरच्या आधी गळती असेल तर एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो लीन सांगतो. मिसफायरचंही तसंच, जळालं नाही ते पेट्रोल सेन्सरला दिसत नाही पण न वापरलेला ऑक्सिजन दिसतो. त्यामुळे प्लग काढून बघितल्याशिवाय सेन्सरवर जाऊच नका.

हे सगळं मोकळ्या जागेत करा. पाऊस आहे म्हणून शटर लावून आत इंजिन चालू ठेवायचं नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

हीटर

सगळ्यात सोपी चाचणी ही. चार वायरच्या सेन्सरमध्ये दोन वायर एकाच रंगाच्या असतात, त्या हीटरच्या. बॉशच्या पद्धतीत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नल, राखाडी अर्थ. डेन्सोच्या पद्धतीत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी अर्थ. म्हणजे बघा, काळी वायर एकीकडे सिग्नल आहे आणि दुसरीकडे हीटर, त्यामुळे रंग पाठ करण्यापेक्षा जोडी शोधा.

इंजिन गार, कनेक्टर सोडवलेला, मल्टीमीटर ओहमवर, सेन्सरच्या बाजूला त्या दोन सारख्या वायरींमध्ये मोजा. साधारण ३ ते १५ ओहमच्या मध्ये काहीतरी आलं पाहिजे, नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. काहीच नाही आलं, मीटरने ओएल दाखवलं, तर हीटर तुटला, सेन्सर बदलायचा, पुढचं काही तपासायची गरज नाही. हीटर चांगला निघाला तर ईसीयूच्या बाजूच्या सॉकेटमध्ये इंजिन चालू करून बॅटरीएवढं व्होल्टेज येतंय का बघा, काही गाड्यांत नुसती चावी फिरवली तर ते दोन-तीन सेकंदच येतं म्हणून इंजिन चालू पाहिजे. नाही आलं तर आधी फ्यूज. एका ओळखीच्या काकांची गाडी तीन महिने हीटरच्या कोडवर फिरत होती आणि शेवटी निघाला १५ अँपिअरचा फ्यूज.

सिग्नल आणि अर्थ या दोन वायरींमध्ये ओहम कधीच मोजू नका. मीटर स्वतःचा करंट सोडतं आणि त्याने चांगला सेन्सर बिघडू शकतो.

खरी चाचणी, नाच बघायचा

गाडी वीस मिनिटं चालवून आणा, नुसतं दारात आयडलला ठेवून गरम झालेलं चालत नाही. अ‍ॅपमध्ये फ्युएल सिस्टीम क्लोज्ड लूप दाखवतेय ना बघा, ओपन लूप असेल तर ईसीयू सेन्सरचं ऐकतच नाहीये. मग पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज, बँक १ सेन्सर १, ग्राफवर लावा. स्क्रीनवर तो एकच आकडा ठेवा. जुन्या गाडीचा डेटा मुळात हळू येतो, त्यात तुम्ही दहा आकडे लावले की प्रत्येकाला सेकंदभराने पाळी येते आणि चांगला सेन्सरही मंद दिसायला लागतो, यात खूप लोक फसतात.

अ‍ॅप जोडलं जात नसेल तर मल्टीमीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा, कनेक्टर जोडलेलाच राहू द्या आणि मागच्या बाजूने रबर सीलच्या कडेने बारीक टाचणी सरकवून सिग्नल वायरच्या पिनला टेकवा. वायरला भोक पाडायचं नाही, त्या भोकातून पुढच्या जूनमध्ये पाणी जाणार. डिजिटल मीटरच घ्या, सुईवालं जुनं मीटर करंट ओढतं.

आता आरपीएम २५०० वर स्थिर धरा. चांगला सेन्सर ०.१-०.२ पासून ०.८-०.९ पर्यंत सारखा वरखाली करेल, दहा सेकंदांत ०.४५ ची रेघ आठेक वेळा तरी ओलांडेल. मल्टीमीटरवर आकडे पळताना दिसतील, वाचता येणार नाहीत, तेच चांगलं लक्षण. मीटरला मिन मॅक्सचं बटण असेल तर दाबा आणि अर्ध्या मिनिटाने दोन टोकं बघा.

वरचं टोक ०.६ च्या पुढे जात नाही, खालचं ०.३ च्या खाली येत नाही, आणि नाच संथ, तर सेन्सर म्हातारा झालाय. पण एवढ्यावरही निकाल देऊ नका, त्याला दोन्ही बाजूंनी ढकलून बघा.

रिचकडे ढकलायला न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून सोडा. त्या क्षणी ईसीयू जास्तीचं पेट्रोल टाकतो आणि व्होल्टेज झटक्यात ०.८ च्या वर उसळलं पाहिजे. लीनकडे ढकलायला मला आवडते ती पद्धत म्हणजे चोर्ला घाट. वरून केरीच्या बाजूला उतरताना गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढा, ईसीयू पेट्रोल बंदच करतो, एक्झॉस्टमधून जवळपास नुसती हवा जाते आणि व्होल्टेज सरळ शून्याच्या जवळ येऊन पडतं. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या, तुम्ही रस्त्याकडे बघा, त्या घाटात फोन बघत गाडी चालवायची हिंमतही करू नका. घाट जवळ नसेल तर कुठलाही छोटा उतार चालतो.

काही जण व्हॅक्यूमची होज काढून लीन करून बघतात. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एअरफ्लो मीटर नसून इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, होज काढली की ईसीयूला वाटतं इंजिनवर लोड आला आणि तो पेट्रोल वाढवतो, आरपीएम चढतात आणि लीनचा परिणाम झाकला जातो. म्हणून उताराची चाचणी जास्त भरवशाची.

तर निकाल असा लावायचा. व्होल्टेज कायम खाली असतं पण झटका दिल्यावर ०.८ च्या वर पटकन जातं, तर सेन्सर जिवंत आहे आणि गाडी खरंच लीन आहे किंवा बाहेरची हवा शिरतेय. गळती, प्लग, पेट्रोल फिल्टर, पंपाचं प्रेशर या वाटेने जा. कायम वर असतं पण उतारावर शून्याजवळ येतं, तर सेन्सर जिवंत आणि गाडी रिच. दोन्हीकडे ढकलूनही जागचा हलत नाही किंवा दोन-दोन सेकंद घेतो, आणि हीटर, वायर, कनेक्टर सगळं चांगलं आहे, तर सेन्सर गेला. ही वाक्यं मी गॅरेजला जायच्या आधी वाचली असती तर बरं झालं असतं.

आकडा ०.४५ वर चिकटून बसला असेल तर बहुतेकदा वायर तुटलेली असते किंवा सेन्सर तापतच नसतो, कारण बऱ्याच गाड्यांत ईसीयू स्वतःच त्या लाईनवर तेवढं व्होल्टेज ठेवतो. तेव्हा कनेक्टर सोडवा, ईसीयूच्या बाजूची सिग्नल वायर क्षणभर बॉडीच्या अर्थला टेकवा. अ‍ॅपवर शून्य दिसलं म्हणजे वायर आणि ईसीयू दोन्ही ठीक, दोष सेन्सरच्या बाजूला. नाही दिसलं तर सेन्सर कितीही नवे घाला, काही होणार नाही.

ट्रिमचे आकडे आणि ई२० चं पेट्रोल

शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू मूळ हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय. दोन्हींची बेरीज अधिक उणे दहाच्या आत असेल तर ठीक. अधिक २० वगैरे असेल तर लीनकडची तक्रार, उणे २० असेल तर रिचकडची.

पण आताच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं हे विसरू नका. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, कारण त्याच्यात ऑक्सिजन आधीच आहे. मिश्रणाचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. जुन्या गाडीच्या ईसीयूचा हिशोब जुन्या पेट्रोलचा आहे त्यामुळे तो ट्रिम काही टक्के वर ठेवणारच, लाँग टर्म अधिक ५-६ दिसला म्हणून सेन्सरला दोष देऊ नका. सेन्सरला पेट्रोल कुठलं आहे याच्याशी घेणंदेणं नाही, तो उरलेला ऑक्सिजन बघतो, त्यामुळे ०.४५ ची रेघ आणि वरच्या सगळ्या चाचण्या ई२० वरही तशाच चालतात. अ‍ॅव्हरेज थोडं पडलंय आणि नाच मात्र झकास आहे, तर ते इंधनाचं आहे, सेन्सरचं नाही.

मागच्या सेन्सरचं थोडक्यात. तो नाचता कामा नये, ०.६-०.७ च्या आसपास शांत बसला पाहिजे. तोही पुढच्यासारखाच नाचत असेल आणि पी०४२० आला असेल तर कन्व्हर्टर थकलाय, मागचा सेन्सर बदलून तो कोड जात नाही.

काढताना

बहुतेक सेन्सर १८ मिलिमीटर आटीचे आणि २२ चा पाना लागणारे. वायर जाईल अशी फट असलेला सॉकेट मिळतो, तो घ्या, साध्या पान्याने कडा झिजतात. आदल्या रात्री आटीवर पेनिट्रेटिंग ऑईल मारून ठेवा, सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा म्हणजे धातू कोमट होईल, जाड हातमोजे घालून एकाच दमदार जोराने सैल करा. अडकला तर जबरदस्ती करू नका, थोडं घट्ट थोडं सैल असं करत काढा, मॅनिफोल्डची आटी गेली तर खर्च दहा पटीने वाढतो.

काढलेल्या सेन्सरचं टोक नीट बघा, ते बरंच काही सांगतं. मऊ काळी काजळी म्हणजे गाडी रिच चाललीय किंवा सगळा प्रवास बाजारापुरता दोन-दोन किलोमीटरचा आहे, हा सेन्सर लांब पल्ल्याला गरम झाला की कधी कधी आपोआप साफ होतो. पांढरट पिठासारखा थर म्हणजे सिलिकॉन, कुणीतरी इंजिनला साधं सिलिकॉन सीलंट लावलंय, हा सेन्सर परत येत नाही. तपकिरी राखाडी चकचकीत थर म्हणजे इंजिन ऑईल पितंय, आणि हिरवट थर दिसला तर कूलंट आत जातंय. या शेवटच्या तिन्हींत मूळ दुखणं न काढता नवा सेन्सर घातलात तर काही महिन्यांत तोही तसाच होणार. टोक पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने धुवायचं नाही, वायर ब्रशही नाही. आत काही खुळखुळत असेल तर सिरॅमिक फुटलंय, पावसाळ्यात तापलेल्या एक्झॉस्टवर डबक्याचं पाणी उडालं की असं होतं.

नवा घेताना तुमच्या गाडीच्या पार्ट नंबरचा, तयार कनेक्टरवाला घ्या. युनिव्हर्सल सेन्सर वायर जोडून बसवायचा असतो आणि आपल्या हवेत तो सांधाच पहिला सडतो. आटीवर अँटी सीझ, म्हणजे आटी अडकू नये म्हणून लावायचं मलम, आधीच लावलेलं येतं, नसेल तर फक्त आटीवर अगदी पातळ लावा, टोकाला एक थेंबही नको. हाताने पूर्ण फिरवून मग ४० न्यूटन मीटरच्या आसपास घट्ट करा.

कोड पुसा, गाडी पन्नास ते शंभर किलोमीटर चालवा, यात थोडा हायवे आणि थोडी गावातली गर्दी दोन्ही येऊ द्या कारण ट्रिम नव्याने शिकायला ईसीयूला वेगवेगळा लोड लागतो. मग परत २५०० आरपीएमला ग्राफ बघा आणि आधीच्या स्क्रीनशॉटशेजारी ठेवा. जुना सेन्सर लगेच भंगारात टाकू नका, नवा ग्राफ जुन्यासारखाच आला तर तुम्हाला तोच परत लावून गळती शोधायला खाली वाकायचंय.